एका माइकभोवती पाच जण

सौदी अरेबियातल्या राबिघच्या त्या कंपनी-कंपाउंडमध्ये साहेब बदलला की मराठी माणसांचे छंद बदलत. विश्वास बसत नसेल तर दीनानाथसरांच्या स्टोअर-रूमचं दार उघडून बघावं. जपानी साहेबांच्या काळातल्या बोन्सायच्या सहा कुंड्या, सहाही वाळून गेलेल्या. डच साहेबांच्या काळातली सायकल, जिच्यावर सर दोनदा बसले आणि एकदा पडले. स्कॉटिश साहेबांच्या वेळची गोल्फची पिशवी, तिच्यात आता झाडू आणि पोछा. एकेका साहेबाची बदली झाली की सर त्या त्या छंदाला आत ठेवून कडी लावत आणि पुढच्या साहेबाची वाट बघत.

दीनानाथसर म्हणजे तेलाच्या कारखान्यांचे पंप दुरुस्त करून देणाऱ्या एका कंपनीतले प्रशासनप्रमुख. शिवाय मराठी मंडळाचे अध्यक्ष. पहिल्या जागेवर त्यांना कंपनीनं नेमलं होतं, दुसरीवर त्यांनी स्वतःच स्वतःला. अकरा वर्षांत त्यांना कोणी तिथून उठवलं नव्हतं, कारण मंडळाचे निम्मे सभासद त्यांच्याच हाताखाली कामाला होते.

ऑक्टोबरात नवे साहेब आले ते अमेरिकेतल्या केंटकीचे. सरांनी त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर केंटकी शोधून काढलं. तिथल्या तीन गोष्टी जगात प्रसिद्ध असल्याचं त्यांना कळलं: घोडे, दारू आणि ब्लूग्रास नावाचं संगीत. घोडा कंपाउंडात मावला नसता, दारूला या देशात मनाई, राहता राहिलं ब्लूग्रास. सरांनी शुक्रवारी आपल्या दिवाणखान्यात बैठक बोलावली.

विभावरी त्या बैठकीला आली होती ती रमेशची बायको म्हणून. रमेश खरेदी विभागात चौदाव्या ग्रेडवर होता आणि पंधराव्याची फाइल चार महिने सरांच्या टेबलावर पडून होती. अशा वेळी सरांनी बोलावलं तर सहकुटुंब जायचं असतं, एवढं तिला सोळा वर्षांच्या संसारात कळलेलं होतं.

"डोंगरातल्या साध्या लोकांचं गाणंबजावणं आहे हे," सर सांगत होते. "ड्रम नाही, की-बोर्ड नाही. पाच वाद्यं. बँजो, गिटार, मँडोलिन, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, आणि तो माणसाएवढा उभा बास. मध्ये एकच माइक. ज्याची पाळी येईल त्यानं पुढे यायचं, आपली ओळ वाजवायची आणि मागे सरकायचं. आवाज कमीजास्त करायला माणूसच नाही कोणी. आपापल्या पायांनी करायचा. जानेवारीत कंपनीची फॅमिली इव्हनिंग आहे, साहेब पहिल्या रांगेत असतील. काय?"

यातलं मागे सरकायचं हे सरांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, हे पुढे विभावरीला पुन्हा पुन्हा आठवायचं.

वाद्यं ग्रेडप्रमाणे वाटली गेली. बँजो सरांनी घेतला, कारण तो सगळ्यांत जास्त ऐकू येतो. गिटार एचआरच्या प्रसादला मिळाली. प्रसाद सोळाव्या ग्रेडवर होता आणि कॉलेजात असताना त्यानं गिटार गळ्यात अडकवून फोटो काढला होता. मँडोलिन रमेशला मिळालं, कारण ते लहान होतं. उभ्या बासाला पुढे येऊन वाजवायची पाळीच नसते असं कळल्यावर तो कोणालाच नको झाला. मग वर्कशॉपमधल्या सदानंदला बोलावणं धाडलं. सदानंद नवव्या ग्रेडचा टेक्निशियन. चालू पंपावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावायची आणि आतलं बेअरिंग कधी जाणार ते सांगायचं, हे त्याचं काम. त्याला कोणी विचारलं नाही. जेद्दातल्या एका हॉटेलचा बँड मोडला होता, तिथून बास आणायला पिकअप घेऊन जा, एवढंच सांगितलं.

"आणि फिडल?" प्रसादनं विचारलं.

सरांची नजर फिरत फिरत रमेशवर थांबली. "रमेश, तुझी मिसेस वाजवते ना व्हायोलिन?"

चोरीचा माल घरात सापडल्यासारखा रमेशचा चेहरा झाला. "वाजवते, सर. पण हळू."

हळू हे खरं होतं. विभावरी मिरजेला बारा वर्षं शिकली होती, आकाशवाणीची परीक्षा पास झाली होती, आणि लग्न होऊन जेद्दाला आली तेव्हा बॅगेतल्या साड्यांच्या घडीत व्हायोलिन गुंडाळून आली होती. पहिल्याच आठवड्यात रमेशनं खिडक्या लावून घेतल्या. खालच्या मजल्यावर घरमालक राहतो, समोर मशीद आहे, कोणी तक्रार केली तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जाईल, ज्याच्या नावावर तो निघाला तो कफील हात वर करील, मग बसू भारतात परत जाऊन. त्यानं स्वतःच बाजारातून एक काळा रबरी चिमटा आणून दिला. व्हायोलिनच्या तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात तिच्यावर तो बसवला की वाद्याचा गळा दाबल्यासारखा होतो आणि आवाज पुढच्या खोलीतही जात नाही. जेद्दात सात वर्षं आणि राबिघच्या कंपाउंडात नऊ वर्षं ती चिमटा लावून वाजवत होती. या सोळा वर्षांत तक्रार घेऊन एकही माणूस आला नव्हता. घरमालकाला तर वर व्हायोलिन आहे हेच ठाऊक नव्हतं. पण न आलेल्या तक्रारीला घाबरण्यात रमेशचा हात कोणी धरला नसता.

मधल्या काळात देश बदलला. बायका गाड्या चालवू लागल्या, थिएटरं उघडली, गाण्याचे जलसे होऊ लागले. गेल्या हिवाळ्यात जेद्दाच्या जुन्या बलद भागात फिरताना विभावरीनं एक मुलगी बघितली. विशीतली, अबाया घातलेली, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून उघड्यावर व्हायोलिन वाजवत होती. सूर अधूनमधून चुकत होते. विभावरी अर्धा तास तिथून हलली नाही. रमेश पार्किंगचं कारण सांगून तिला ओढत होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या मुलीचा तिला राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. एकदा, आयुष्यात एकदा तरी, चिमटा काढून चारचौघांत वाजवायचं, हे तिनं त्या कोपऱ्यावर मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून सरांच्या दिवाणखान्यात ती पटकन म्हणाली, "वाजवीन मी." रमेशला ठसका लागला.

तालमी सरांच्या घरी सुरू झाल्या आणि पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. विभावरी बसून वाजवायची. आपल्याकडे शिकलेली माणसं वाजवतात तशी, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून. सर म्हणाले, बँड उभा असतो, तुम्हीही उभं राहा. महिनाभर तिनं हनुवटीखाली व्हायोलिन धरून बघितलं. मान अवघडली, मींड निसटू लागली, हातातलं सगळं शिक्षण घरंगळून गेल्यासारखं तिला वाटलं. शेवटी सर मोठ्या मनानं म्हणाले, "बरं वहिनी, बसा. पण मागे बसा."

मागे एक छोटा गालिचा टाकला. त्यावर बसून तिला समोर दिसायच्या त्या चार पँटी. ब्लूग्रास म्हणजे काय ते ती त्या पँटींच्या हालचालींवरून शिकली. पाळीचा माणूस पुढे जातो, बाकीचे मागे येतात, पुन्हा दुसरा जातो. पाचही जणांना एकमेकांची चाहूल लागावी लागते. व्हिडिओमधली डोंगरातली माणसं हे इतकं सहज करायची की कोणी कोणाला धक्का न लावता पंगतीत वाढावं तसं वाटायचं. इथे मात्र सरांची राखाडी पँट एकदा माइकपाशी गेली की तिथेच मुक्काम करायची. प्रसाद तिच्या डाव्या अंगानं शिरायचा प्रयत्न करायचा, रमेश उजव्या अंगानं शिरायचा विचार करायचा आणि सोडून द्यायचा. फक्त सदानंदची निळी वर्कशॉपची पँट आपल्या जागी असायची. तो बासाच्या दोन तारा आलटून पालटून छेडायचा, एक षड्ज, एक पंचम, आणि जगबुडी आली तरी त्याची लय हलायची नाही. बाकीचे तिघं कुठेही भरकटले तरी परत यायला तेवढी एकच जागा होती.

धून एकच बसवली होती, पांढरी पाचच्या पट्टीतली, सोपी, गोड. सरांनी पाळ्यांचा तक्ता एक्सेलमध्ये करून सगळ्यांना पाठवला. सुरुवात बँजो. मग गिटार. मग बँजो. मग मँडोलिन. मग बँजो. समाप्ती, सर्व मिळून.

"माझी पाळी?" विभावरीनं विचारलं.

"तुमचं मागे सतत आहेच की," सर म्हणाले. "भरणा. त्याशिवाय मजा नाही."

"सतत नको. मला बत्तीस मात्रा द्या. तीनतालाची दोन आवर्तनं. एकदाच."

सर हसले. लहान मुलानं ऑफिसात येऊन खुर्ची मागावी तसं हसले. मग म्हणाले, वेळ उरला तर बघू. आणि आणखी एक विनंती होती त्यांची. व्हायोलिन जरा पुढे येतंय, बँजो दबतोय. रमेश म्हणत होता तुमच्याकडे आवाज कमी करायचं काहीतरी असतं, ते लावाल का?

विभावरीनं रमेशकडे बघितलं. रमेश मँडोलिन पुसत होता.

घरी आल्यावर तिनं त्याला सोडलं नाही. "तुला आपणहून सांगायला काय झालं होतं?"

"अगं, विषय निघाला."

"विषय आपोआप निघत नाहीत रमेश. सरकारनं बंदी उठवली. पोलिस विचारत नाहीत. मशिदीतला माणूस विचारत नाही. मला आता चिमटा लावायला सांगतंय कोण, तर मराठी मंडळ!"

"फाइल त्यांच्या टेबलावर आहे," तो कळवळून म्हणाला. "जानेवारीपर्यंत ताणू नकोस. मग तुला काय वाजवायचं ते वाजव."

"कुठे? बाथरूममध्ये?"

रमेश वाईट माणूस नव्हता. पण घाबरायची त्याला इतकी सवय झाली होती की भीती संपली आहे असं कोणी सांगितलं तर त्याचीही त्याला भीती वाटायची.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी समुद्राकडच्या मैदानात साउंड-चेक होता. सगळ्या संध्याकाळची व्यवस्था अस्मा नावाच्या सौदी मुलीकडे होती. वय असेल सव्वीस, हातात वॉकीटॉकी, पायांत पांढरे बूट, आणि पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसांना "यल्ला, यल्ला" करून हाकण्याची विलक्षण हातोटी. स्टेजवर मधोमध माइक होता. उभ्या दांड्याला वर एक आडवा दांडा आणि त्याच्या टोकाला माइक, पेच सैल करून हवा तसा वरखाली होणारा.

बँडनं एकदा धून वाजवली. अस्मानं हात वर केला. "थांबा. त्या मागच्या बाई वाजवतायत की नुसतं दाखवतायत?"

"वाजवतायत, वाजवतायत," सर म्हणाले.

ती उड्या मारत स्टेजवर आली आणि गालिच्यापाशी उकिडवी बसली. घोडीवरच्या काळ्या रबरावर तिनं बोट ठेवलं. "हे काय?"

"आवाज बाहेर जाऊ नये म्हणून," विभावरी इंग्रजीत म्हणाली. "पूर्वीपासून लावते. तेव्हा इथे..."

अस्माला समजलं असावं, कारण तिनं आवाज खाली आणला. "माझी आजी ऊद वाजवायची, तारांचं अरबी वाद्य. उशी ठेवायची पोटाशी, म्हणजे पोटाच्या आणि ऊदच्या मध्ये, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. मॅडम, तो काळ खलास."

"आमचा जरा ताळमेळ बसवलेला आहे," सर मध्येच म्हणाले. "बॅलन्स. ते असू द्या."

विभावरीनं गज खाली ठेवला. "सर, चिमटा ठेवते मी. पण शेवटची पाळी माझी. बत्तीस मात्रा. नाहीतर मी आत्ता घरी जाते आणि तुम्ही फिडलशिवाय वाजवा."

अस्मा समोर उभी, साउंडवाले ऐकत होते, सदानंद बासाला टेकून बघत होता. सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दिली. शब्द दिला, वहिनी."

मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या, नमाजानंतर कार्यक्रम सुरू झाला. मैदानात चारशे माणसं, मुलंबाळं, बाजूला शोरमाचे स्टॉल, पहिल्या रांगेत केंटकीचे साहेब. फिलिपिनो नाच झाला, पंजाब्यांचा भांगडा झाला, आणि मग अस्मानं ब्लूग्रास बँडचं नाव पुकारलं. चौघं पुरुष चौकटीचे शर्ट आणि काउबॉय टोप्या घालून आले. टोप्या सरांनी ऑनलाइन मागवल्या होत्या आणि सगळ्यांच्या कानांवर येत होत्या. विभावरी जांभळ्या इरकलीत मागच्या गालिच्यावर बसली.

सरांनी बोटांत लोखंडी नख्या चढवल्या, साहेबांकडे बघून मान लववली आणि सुरुवात केली. पहिली पाळी बरी गेली. दुसरी प्रसादची होती. तो पुढे सरसावला तेव्हा सर तिथेच होते, त्यामुळे त्याची गिटार सरांच्या पाठीला ऐकू गेली, लोकांना नाही. तिसरी पाळी सरांची होती, त्यांना कुठे जावंच लागलं नाही. चौथ्या पाळीत रमेशनं मँडोलिन उंच धरून सरांच्या काखेतून माइकपर्यंत पोहोचवायचा प्रयत्न केला. पाचवी पुन्हा सरांची. तेवढ्यात साहेबांनी फोन खिशात टाकला आणि वर बघितलं. सरांना ते उत्तेजन वाटलं.

सहावी पाळी विभावरीची होती. तिनं गज तारेवर ठेवला. समेची वाट बघितली. सम आली, आणि सरांनी चौथ्यांदा आपलीच ओळ सुरू केली. मागे वळून त्यांनी तिच्याकडे बघितलं, डोळे मिचकावले आणि ओठांनी सांगितलं, "नेक्स्ट इयर."

विभावरी वाजवत राहिली. रबर लावलेलं व्हायोलिन चार पँटींच्या मागे कुजबुजत राहिलं. आपण रडणार आहोत असं तिला वाटलं, आणि नेमकं तेव्हाच तिसऱ्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

"अरे भई, वायलिनवाली भाभी की आवाज नहीं आ रही!"

ती शबनम होती, हैदराबादची, कंपाउंडात विभावरीची भिंतीला भिंत लागून शेजारीण. लोक हसले. कोणीतरी टाळ्या पिटल्या. शबनम उठून उभी राहिली आणि आणखी मोठ्यानं म्हणाली, "नहीं आ रही!"

तक्रार आली होती. सोळा वर्षं ज्या तक्रारीच्या धास्तीनं खिडक्या बंद होत्या ती शेवटी आली होती, आणि ती आवाज ऐकू येत नाही म्हणून होती. विभावरीला हसू फुटलं. तिनं व्हायोलिन गालिच्यावर ठेवलं, पदर खोचला आणि उठली.

"सदानंदभाऊ, तुम्ही थांबू नका," ती जाता जाता म्हणाली.

"नाही थांबत, वहिनी," सदानंद म्हणाला.

सरांच्या आणि प्रसादच्या मधून ती सरळ माइकपाशी गेली, आडव्या दांड्याचा पेच सैल केला आणि सगळा दांडा फिरवून मागच्या बाजूला खाली उतरवला, पार आपल्या गालिच्यावर, गुडघ्याच्या उंचीला. पेच घट्ट केला. बसली. घोडीवरचा चिमटा उपटून बाजूला टाकला, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवलं आणि पुढच्या समेला सुरुवात केली.

मैदानभर आवाज पसरला. तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही. आपलं वाद्य इतकं मोठं आहे, त्याला इतका घसा आहे, हे ती विसरूनच गेली होती. धून त्या डोंगरातल्या लोकांचीच होती, पण तिच्यात मिरजेची मींड होती, गमक होती, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत घुटमळणं होतं. शोरमाच्या स्टॉलवरची माणसं वळून बघू लागली.

बँजो एकाएकी नाहीसा झाला. सरांची बोटं चालत होती, पण चमचा पडल्याइतकाही आवाज लोकांपर्यंत जात नव्हता. माइकशिवाय उभं राहण्याची सरांना अकरा वर्षांत सवय राहिली नव्हती. त्यांनी आधी मान वाकवली, मग कंबर, आणि शेवटी साहेबांसमोर, चारशे माणसांसमोर, बँजो सांभाळत ते एका गुडघ्यावर आले. गुडघा टेकला तो नेमका त्या रबरी चिमट्यावर. त्यांच्या तोंडून जे निघालं ते माइकनं इमानेइतबारे मैदानाला ऐकवलं. अध्यक्ष बसले म्हटल्यावर प्रसादही बसला. लोकांना वाटलं हे सगळं ठरवून केलेलं आहे, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

रमेश एकटा उभा होता. त्यानं सरांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे सरकला. पाऊल भीतीचंच होतं. पण बँड सुरू झाल्यापासून पाळी नसताना कोणी मागे सरकण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि दिसायला ते अगदी रीतीप्रमाणे दिसलं.

बत्तिसाव्या मात्रेला विभावरीनं गज उचलला. एकही मात्रा जास्त घेतली नाही. मग हात लांब करून तिनं दांडा ढकलला आणि माइक सदानंदच्या बासासमोर नेला. तिची पाळी झाली होती. सदानंद गोंधळला. त्याला पाळी नव्हतीच कधी, त्यामुळे वेगळं काही वाजवायला येतही नव्हतं. तो आपला षड्ज आणि पंचम वाजवत राहिला, पंपासारखा, न चुकता. चारशे माणसांनी त्यावर ठेका धरला आणि त्याच ठेक्यात कार्यक्रम संपला.

स्टेजखाली साहेब भेटायला आले. सर लंगडत पुढे झाले आणि त्यांनी सांगून टाकलं की ब्लूग्रासला भारतीय बैठक द्यायची ही कल्पना त्यांची स्वतःची.

"छान," साहेब म्हणाले. "माझे आजोबा रोज हेच वाजवायचे. सकाळ, संध्याकाळ. बँजो."

"तुम्हाला घरची आठवण आली असेल, सर!"

"आली ना. त्या आवाजापासून लांब जावं म्हणून तर मी अठराव्या वर्षी घर सोडलं." त्यांनी मनमोकळं हसून सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मला पाण्याखाली जायला आवडतं. डायव्हिंग. तिथे शांत असतं."

साहेब शोरमाकडे गेले. दीनानाथसर थोडा वेळ समुद्राकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी प्रसादला विचारलं, डायव्हिंगचे कपडे कुठे मिळतात.

शबनम गर्दीतून वाट काढत आली आणि विभावरीच्या गळ्यात पडली. "नौ साल से दीवार के उस तरफ हूँ मैं! कभी सुनाया क्यों नहीं?" विभावरीनं रमेशकडे बोट दाखवलं. शबनमनं रमेशकडे असं बघितलं की तो मँडोलिनचा डबा आणायला निघून गेला.

निघताना सर विभावरीपाशी आले. हातात तो काळा रबरी चिमटा होता, गुडघ्याच्या वजनानं चपटा झालेला. "छान झालं, वहिनी. फक्त जरा लाऊड झालं. आणि हे तुमचं राहिलं तिथे."

"राहू द्या तुमच्याकडे," विभावरी म्हणाली. "बँजोलाही बसतो तो."

सरांनी चिमटा उलटसुलट करून बघितला. "असं? थँक्यू," ते म्हणाले आणि त्यांनी तो खिशात ठेवला.

सरांना कळलं नाही, पण रमेशला कळलं. त्यानं गाडीत बसून किल्ली फिरवली. मागच्या सीटवर व्हायोलिन उघडंच पडलेलं होतं, त्याची पेटी लावायचं तिला सुचलं नव्हतं.

"ग्रेड पंधरा गेला," तो शेवटी म्हणाला.

"गेला," विभावरी म्हणाली. तिनं मागे वळून व्हायोलिन उचललं आणि मांडीवर घेतलं. "खिडकी उघड."

"एसी चालू आहे अगं."

"उघड, रमेश."

त्यानं बटण दाबलं. आधी तिच्या बाजूची काच खाली गेली आणि मग, जरा वेळानं, त्याच्या बाजूचीही.